अडीच टनांच्या गाडीत १.९ लिटरचं डिझेल: ओढेल का, आणि किती वेळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांब चासीची, पाट्यांच्या स्प्रिंगवर उभी असलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, सामानासकट अडीच टन भरते. मूळचं ४.२ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन आता ऑइल खातंय आणि पेट्रोल तर ढोसतंयच. हाताशी फोक्सवॅगनचं १.९ लिटर टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, आलंय, ९० अश्वशक्तीचं, रोटरी डिझेल पंपाचं. ते बसवलं तर गाडी ओढेल, की बैलाच्या जागी शेळी जुंपल्यासारखं होईल?

ओढेल. पण अशी कामं बरीच वर्षं करतोय, आणि त्यातली जी फसलेली पाहिली, त्यांतलं ताकद कमी पडली म्हणून फसलेलं जवळजवळ एकही नाही. कुठे गिअरचं गणित न करता इंजिन बसवलं होतं, कुठे प्लेट वाकडी लागली होती, कुठे मोटारीच्या इंजिनाला ट्रकसारखं राबवलं होतं. म्हणून आधी आकडे मांडू.

अडीच टनांची, भिंतीसारख्या तोंडाची, जाड टायरांची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ८० च्या वेगाने चालवायला इंजिनाकडून साधारण ३३ अश्वशक्ती लागते. त्यात निम्मी हवा कापायला, निम्मी टायर फिरवायला. १०० ला हाच आकडा ५३ च्या घरात जातो. आता ५ टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर चाललात की पाच मीटर वर. ८० चा वेग टिकवायचा तर ७७ अश्वशक्ती. ८ टक्क्यांच्या घाटात १०३ लागते आणि ती तुमच्याकडे नाही. मग गिअर खाली येईल, वेग साठ-पासष्टवर येईल, मागचे लोक हॉर्न वाजवतील. एवढंच. थकलेलं पेट्रोल इंजिन तुम्हाला याहून फार वेगळं काही देत असेल असं वाटत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतः हेच केलेलं आहे. लँड रोव्हरने १९५७ मध्ये पहिलं डिझेल दिलं ते २०५२ सीसीचं, जेमतेम पन्नासेक अश्वशक्तीचं. पुढे ३००टीडीआय आलं: २४९५ सीसी, १११ अश्वशक्ती, २६५ न्यूटन-मीटर. आणि डिफेंडरच्या शेवटच्या वर्षांत, २०१२ पासून, २.२ लिटर. म्हणजे गाडी तीच, इंजिन आणखी लहान, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६०. हे लहान इंजिन चाललं त्यामागे सहा गिअरचा बॉक्स होता, तो २००७ मध्येच आधीच्या २.४ लिटरसोबत आला होता. त्याचा पहिला गिअर ५.४४ चा, आधीच्या पाच गिअरवाल्यात तो ३.६९ चा. आकडा मोठा म्हणजे गिअर खालचा: चाक हळू फिरतं, पण जास्त जोराने. इंजिन आक्रसलं तसा पहिला गिअर खाली नेला. तुमच्या प्रश्नात इंजिनाबद्दल दहा ओळी आहेत आणि गिअरबद्दल एकही नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तुमच्या गाडीचं गणित करू. समजा पहिला गिअर ४, लो रेंज (ट्रान्सफर केस या दुसऱ्या गिअरबॉक्समधला हळू चालीचा गिअर) २.३, क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) ४.१. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३८. टीडीआयचा टॉर्क कागदावर २०२ न्यूटन-मीटर आहे, पण तो १९०० आरपीएमला, टर्बो भरल्यावर, म्हणजे त्याने इंजिनात हवा दाबून भरायला घेतल्यावर (यालाच बूस्ट म्हणतात). हजार आरपीएमला टर्बो झोपलेला असतो आणि तुमच्याकडे उरतं १.९ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन. शंभर न्यूटन-मीटर धरा. ३३ इंची टायरवर याचा अर्थ असा की बूस्ट असताना चाकांवर सोळाशे किलोंचा जोर मिळतो आणि बूस्ट नसताना आठशे. वीस अंशांच्या चढावर अडीच टनांची गाडी नुसती धरून ठेवायलाच साडेआठशे किलो लागतात.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. पुढचं चाक दगडाला टेकलंय, गाडी चढावर आहे, तुम्ही हळूच क्लच सोडता. जुनं ४.२ लिटरचं धूड आठशे आरपीएमलाही धडधडत चाक वर उचलायचं. नवं इंजिन गुडघे टेकतं आणि बंद पडतं. दुसऱ्यांदा तुम्ही रेस वाढवता, हाफ क्लच धरता, टर्बो अचानक जागा होतो आणि गाडी दगडावरून उडी मारते. तिसऱ्यांदा क्लचचा वास येतो. लोक म्हणतात, 'इंजिनात दम नाही.' दम आहे, पण तो १८०० च्या वर आहे आणि तुम्हाला तो ९०० ला हवाय.

याला उपाय एकच, लो रेंज आणखी खाली नेणं. ट्रान्सफर केसमध्ये २.३ च्या जागी ४ चा संच मिळत असेल तर एकूण गुणाकार ६५ च्या पुढे जातो. बिनबूस्टचा जोरही चौदाशे किलोंवर येतो आणि ९०० आरपीएमला गाडी ताशी दोन किलोमीटरने, माणसाच्या चालण्यापेक्षा हळू, रांगते. डिफेंडरचा शेवटचा बॉक्सही पहिल्या लो गिअरला ६४ च्या आसपासच होता. तुमच्या ट्रान्सफर केससाठी असा संच मिळत नसेल आणि तुमचं चालवणं खडकाळ असेल, तर या इंजिनाचा नाद सोडा. वाळू, चिखल, शेतरस्ते एवढंच असेल तर चालेल, कारण तिथे वेग धरून जाता येतं.

हायवेचंही गणित तपासा. ४.१ च्या क्राउन-पिनियनवर, थेट (१:१ च्या) गिअरला, ३३ इंची टायरवर ८० ला इंजिन साधारण २१५० वर फिरतं. ही जागा उत्तम. ३.७ चं असेल तर १९३० वर फिरतं. ऐकायला शांत वाटतं, पण चढ लागून वेग ७० वर आला की तुम्ही १७०० वर, टर्बोच्या उंबरठ्याच्या खाली. तिथून इंजिन पुन्हा सावरत नाही, गिअर टाकावाच लागतो. आणि थेट गिअरच्याही वरचा ओव्हरड्राइव्ह गिअर असेल तर तो उतारासाठी आहे असं समजा.

आता या इंजिनाच्या आयुष्याबद्दल. हेच इंजिन तेराशे किलोच्या मोटारीत ८० ला चालताना बारा अश्वशक्ती देत होतं. तुमच्याकडे ते तेहेतीस देणार, म्हणजे जवळपास तिप्पट, आणि चढावर नव्वदच्या नव्वद, दहा-दहा मिनिटं सलग. मोटारीत पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. पिस्टन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, हेड गॅस्केट यांना तेवढ्या वेळात तापायलाही सवड मिळत नाही. तुमच्या गाडीत मिळेल. म्हणून टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) बसवल्याशिवाय मी गाडी बाहेर सोडत नाही. सलग चढावर काटा ७०० अंश सेल्सियसच्या वर राहिला की पाय उचलायचा किंवा गिअर खाली टाकायचा. पाणी तापल्याचं डॅशबोर्डवर कळतं तोवर पिस्टनला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि कुणी 'थोडं डिझेल वाढवून देतो, पिकअप बघा' म्हणालं तर हात जोडा. ९० चे १२० सहज होतात, पण तुमच्या वजनाला ते १२० सतत वापरले जातील. उलट टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा घ्या. त्याचा फायदा फुकटचा आहे.

बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त अक्कल जाते ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या अडॅप्टर प्लेटमध्ये. प्लेट म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटरचं अॅल्युमिनियम, दोन्ही बाजूंच्या भोकांचा नमुना घेऊन कापलेलं. भोकं जुळली, बोल्ट शिरले, म्हणजे झालं, असं समजणारे टर्नर आणि मेकॅनिक दोन्ही मी पाहिलेत. बोल्टच्या भोकात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असतेच. जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खुंट्या, बोल्ट फक्त आवळतात.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतलं एक काम आठवतं. प्लेट बाहेरून करून आणली, बसवली, गाडी छान चालली. सहाएक हजार किलोमीटरवर न्यूट्रलला क्लच सोडला की बारीक शीळ, दाबला की बंद. गिअरबॉक्स उतरवला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग खडखडत होतं आणि क्लच प्लेटचा मधला हब फाटला होता. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावलं तर काटा एकूण ०.८ मिलिमीटर हलला. म्हणजे क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य ०.४ ने सरकलेले. पाव-अर्धा मिलिमीटर हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला तेवढा वाकतो, मिनिटाला दोन हजार वेळा.

तेव्हापासून पद्धत ठरलेली आहे. गिअरबॉक्स बाजूला ठेवून नुसतं बेलहाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच) प्लेटसकट इंजिनावर आवळायचं. डायल गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर, टोक बेलहाउसिंगच्या त्या गोल कडेवर जिथे गिअरबॉक्सची कॉलर बसते. क्रँक हाताने एक फेरा फिरवायचा. काट्याची एकूण हालचाल ०.१३ मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. लक्षात ठेवा, काटा दाखवतो तो सरकण्याच्या दुप्पट. मग टोक सपाट तोंडावर टेकवून तोच फेरा, कारण मध्य जुळूनही तोंड तिरकं असू शकतं. जास्त येत असेल तर रबरी हातोड्याने ठोकून जागेवर आणायचं, बोल्ट आवळायचे, आणि मग त्याच स्थितीत डॉवेलची भोकं एकत्र रीमरने मारायची. या कामाला अख्खा दिवस जातो. ज्याच्याकडून प्लेट घ्याल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की डॉवेल कधी मारतोस. तो गोंधळला तर दुसरा माणूस शोधा.

टीडीआयच्या काही आवृत्त्यांवर दोन तुकड्यांचं, स्प्रिंग भरलेलं फ्लायव्हील असतं. ते या कामात ठेवू नका. घन पोलादी करून घ्या, बॅलन्स करून घ्या, आणि हलकं करायच्या मोहात पडू नका. जड फ्लायव्हील रांगताना इंजिनाला बंद पडू देत नाही. क्लच मात्र जड गाडीचा मूळचाच मोठा ठेवा, प्लेट स्प्रिंगवाली. चार सिलिंडर डिझेलचे धक्के सहा सिलिंडर पेट्रोलपेक्षा खूप रांगडे असतात. न्यूट्रलला गिअरबॉक्समध्ये दाणे भाजल्यासारखा आवाज येईल, त्याला घाबरू नका. क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पायलट बेअरिंग मात्र विसरू नका. या भानगडीत ते नेहमी राहतं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, प्रश्न दुसरा मोठा. मोटारीच्या इंजिनाखाली पुढचा ॲक्सल नसतो, तुमच्या गाडीत डिफरन्शियलचा भोपळा नेमका तिथेच वर-खाली होतो. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना मोजलेलं अंतर फसवं असतं. एका बाजूचं पुढचं चाक जॅकने पूर्ण वर, रबरी बंपला टेकेपर्यंत दाबा, दुसरं लोंबू द्या, मग चेंबर आणि भोपळा यांच्यात किमान दोन बोटं अंतर हवं. कमी पडलं तर चेंबर कापून नव्याने वेल्ड करावा लागतो. तसं केलंत तर ऑइल ओढणारी नळी सगळ्यात खोल कोपऱ्यात आहे ना ते पाहा. तीस अंशांच्या चढावर दोन मिनिटं थांबल्यावर ऑइल मागे धावतं आणि पंप हवा ओढतो. मी चेंबर वर्कबेंचवर तिरका धरून, पाणी ओतून बघतो. पोरकट वाटतं, पण एक क्रँक वाचवलाय त्याने. इंजिन लांबीच्या दिशेने बसणाऱ्या मोटारीतून काढलेलं असेल तर चेंबर आणि ब्रॅकेटं आपल्या कामाला बरीच सोयीची पडतात. आडव्या इंजिनाच्या गाडीतलं असेल तर काम वाढतं.

वजन मोठ्या प्रमाणात कमी होतं, लोखंडी सहा सिलिंडरच्या तुलनेत शंभरेक किलो सहज. गाडीचं नाक वर येतं, पुढचे पाटे कडक वाटतात, स्टिअरिंग हलकं पण उडतं होतं. पुढचा एखादा पाटा कमी करून बघा.

ब्रेकचं मात्र नीट वाचा. पेट्रोल इंजिन मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम देतं, त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तो व्हॅक्यूम नसतो. टीडीआयला स्वतःचा व्हॅक्यूम पंप असतो. जुन्या बाजारातून इंजिन येतं तेव्हा तो पुष्कळदा काढलेला असतो. पहिल्यांदा इंजिन चालू कराल तेव्हा गाडी हलवण्याआधी पेडल दाबून बघा. अडीच टन आणि दगडासारखा घट्ट ब्रेक हा अनुभव मी घेतलाय, अंगणातच, सुदैवाने भिंत जवळ होती.

पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून धुवा, तळाचा गाळ डिझेल सोडवतं आणि फिल्टरला पाठवतं. पेट्रोलला परतीची लाइन नसेल तर डिझेलला ती लागते. पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. टाकीतला पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप काढा. टॅकोमीटर इग्निशन कॉइलवर चालत असेल तर तो मरेल. ऑल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालणारा लावा. ग्लो प्लगसाठी (थंड डिझेल इंजिन चालू करताना तापणारे प्लग) जाड वायर आणि वेगळा रिले. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप इंजिन बाहेर असतानाच बदला, कारण हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

रोटरी पंप दिसायला जुना असला तरी या इंजिनात त्याला इलेक्ट्रॉनिक्स चालवतं: कंट्रोल युनिट, वायरिंग, इमोबिलायझर, आणि ॲक्सिलरेटर पेडलसुद्धा सेन्सरचं. इंजिन घेताना हे सगळं एकाच गाडीतलं घ्या. नुसतं इंजिन स्वस्तात मिळतं आणि पुढचे तीन महिने वायरी शोधण्यात जातात. काही जण पूर्ण यांत्रिक पंप बसवून ही कटकटच काढून टाकतात. नदी-नाल्यातून जाणाऱ्या गाडीसाठी मलाही तेच आवडतं, धूर थोडा वाढतो हे मान्य करून.

आणि एअर फिल्टर. मोटारीचा डबा मोटारीसाठी असतो. धूळ उडवत चालणाऱ्या ताफ्यात मागच्या गाडीने एका दिवसात जेवढी माती आत घेतली, तेवढी मोटार वर्षात घेत नाही. मोठा, धूळ गरगर फिरवून आधीच खाली पाडणारा फिल्टर लावा आणि फिल्टर ते टर्बो ही नळी बोटाने चाचपून बघा: आतून बोट मळलं तर कुठेतरी गळती आहे. रिंग आणि टर्बो तिथूनच जातात.

तुमच्या जागी मी असतो तर हेच इंजिन घेतलं असतं का? मालवाहू ट्रेलर ओढायचा असेल किंवा हायवेवर शंभर धरून लांब जायचं असेल, तर नाही. तिथे अडीच ते तीन लिटरचं बघा: ३००टीडीआयसारखं यांत्रिक पंपाचं, किंवा अशाच कामासाठी विकलं गेलेलं कमिन्सचं आर२.८, १६१ अश्वशक्तीचं. कमिन्सचंच ३.९ लिटरचं फोरबीटी खूप लोक सुचवतील. ते तीनशे चाळीस किलोंचं आहे आणि त्याच्या धक्क्यांनी गाडीचे आरसे दाखवत काही नाहीत, नुसते हलतात. जनरेटर किंवा शेतीयंत्रातून काढलेलं इंजिन स्वस्त आणि दणकट असतं, पण त्याचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) वेगळा: पेडल दाबलं की तो ताकद न देता वेग धरायला बघतो, त्यामुळे गाडी शहरात धक्के देत चालते. पंपवाल्याकडून गव्हर्नर बदलून घेण्याची तयारी असेल तरच तिकडे वळा. एकट्याने, हळू, दूरच्या वाटांवर जायचं असेल आणि ८० च्या सरळ चालीला लिटरमागे दहाच्या पुढे हवे असतील, तर टीडीआय चांगलं आहे. इंजिन बदलाची नोंद आणि परवानगी आधी, गॅस कटर नंतर.

पुढचं बोलण्याआधी तीन गोष्टी मोजून पाठवा: क्राउन-पिनियनवरचे दात, ट्रान्सफर केसच्या पाटीवरचा लो रेंजचा आकडा, आणि गाडी सपाट उभी असताना क्रँक पुलीच्या मध्यापासून डिफरन्शियलच्या सगळ्यात वरच्या बिंदूपर्यंतचं उभं अंतर. तिसरा आकडा दोनदा घ्या, एकदा पुढच्या चाकांवर वजन असताना आणि एकदा चाकं लोंबत असताना.